गुडघाभर पाण्यातला मासा: फ्लाय फिशिंग, पट्टेरी बास आणि आपला सिद्धेश्वर

या भागाचा लिखित मजकूर थोडा साफसूफ करून इथे देतोय. बोलताना आकडे भराभर निघून जातात, ते इथे नीट लिहिलेत. दोन ठिकाणी मी माइकसमोर हातवारे करत होतो, ते ऐकणाऱ्याला काय कप्पाळ दिसणार, म्हणून तेवढा भाग नव्याने लिहिलाय.

तर विषय आहे उथळ पाण्यात, डोळ्यांनी बघून, फ्लायने मासा धरणं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हे लोक ज्या माशासाठी करतात त्याचं नाव स्ट्राइप्ड बास. आपण त्याला पट्टेरी बास म्हणू. (बास म्हणजे ‘पुरे’ नाही. घरी हे नाव सांगितलं की प्रत्येक वेळी हाच विनोद होतो.) रुपेरी अंग आणि त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा. हा मासा राहतो समुद्रात, पण अंडी घालायला नदीच्या गोड्या पाण्यात येतो. त्याची सगळ्यात मोठी प्रसूतीची जागा म्हणजे चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्या. उन्हाळ्यात तो उत्तरेकडे सरकतो आणि केप कॉडजवळ मोनोमॉय बेटाच्या आजूबाजूला वाळूची जी अफाट उथळ मैदानं आहेत, तिथे भरतीबरोबर चरायला येतो. खेकडे आणि वाळूत लपणारे करंगळीएवढे मासे खातो. पाणी कुठे गुडघ्याएवढं, कुठे कमरेएवढं. खाली पांढरी वाळू, आणि तिच्यावरून सरकणारी एक हिरवट सावली. ती सावली म्हणजे हाताएवढा लांब मासा.

आपल्याकडे गळ टाकायचा म्हणजे काय असतं? गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावायची, तंगूस पाण्यात सोडायचा आणि वाट बघत बसायचं. मासा आपल्याकडे येतो. इथे उलटं आहे. इथे आधी मासा दिसला पाहिजे. मग तो कुठे चाललाय ते ओळखायचं आणि तो जिथे पोचणार आहे तिथे, त्याच्या आधी, फ्लाय ठेवायची. तासन्‌तास नुसतं चालणं आणि बघणं, आणि मग सगळा खेळ दहा सेकंदांचा.

फ्लाय म्हणजे गळाभोवती दोरा, पिसं, केस बांधून केलेला खोटा जीव. नाव माशीचं असलं तरी तो माशीच असला पाहिजे असं नाही. छोटा मासा, खेकडा, बेडूक, काहीही चालतं. पट्टेरी बाससाठी दोन नमुने फार प्रसिद्ध आहेत. एक लेफ्टी क्रे या गृहस्थांनी 1950च्या दशकाच्या शेवटी चेसापीकमध्ये याच माशासाठी बांधलेला ‘डिसीव्हर’. कोंबड्याची लांब पिसं आणि हरणाच्या शेपटीचे केस. अमेरिकेच्या टपाल खात्याने 1991 साली त्याचं तिकीट काढलं. दुसरा बॉब क्लाउझर यांचा 1987चा ‘क्लाउझर मिनो’. त्याच्या डोळ्यांच्या जागी धातूचा छोटा डंबेल असतो, त्यामुळे तो पाण्यात उलटा होतो आणि गळाचं टोक वर राहतं. तळावरून ओढला तरी अडकत नाही. साधी, पण भारी युक्ती.

आता या प्रकारातला सगळ्यात न समजणारा भाग: फेकायचं कसं? पिसाला वजन नसतं. पीस फेकून बघा, पायाशी पडेल.

इथे मला आपल्याकडच्या दोन वस्तू आठवतात. गोफण आणि आसूड. ज्वारीच्या रानात माचीवरून पाखरं हाकताना गोफणीत दगड घालतात. दगड जड, दोरी हलकी. दगड सुटतो आणि जातो. नेहमीचा रीळवाला गळ हा गोफणीचा भाऊ आहे. शिसं जड असतं, ते पुढे जातं आणि तंगूस मागून ओढत नेतं. फ्लायचा दांडा हा आसुडाचा भाऊ. आसुडाच्या टोकाला काही वजन नसतं, वजन वादीतच असतं. मुठीशी दिलेला झटका वादीतून वळसा घेत टोकाला जातो. जाताना वादी निमुळती होत जाते म्हणून वेग वाढत जातो, आणि टोक आवाजाच्या वेगाच्या पुढे गेलं की तो ‘फट्’ आवाज येतो. फ्लायची दोरी तशीच जाड, जड, टोकाला निमुळती. ती आवाजाच्या वेगाने जात नाही, जाऊही नये, पण तत्त्व तेच. दोरी फेकायची, फ्लाय फुकटात मागून जाते.

म्हणून या दोऱ्यांचं वर्गीकरण वजनावर आहे. दोरीच्या पुढच्या 30 फुटांचं, म्हणजे साधारण 9 मीटरचं वजन मोजतात आणि त्यावरून नंबर देतात. 5 नंबरची दोरी सुमारे 9 ग्रॅम, 8 नंबरची सुमारे 13.6 ग्रॅम. दांड्यालाही तोच नंबर. खाडीच्या वाऱ्यात पट्टेरी बाससाठी लोक 8 ते 10 नंबर वापरतात. आपल्याकडच्या तलावाला 6 ते 8 पुष्कळ झाला.

नवशिक्यांची गाडी अडते ती ताकदीवर नाही, थांबण्यावर. दोरी मागे फेकली की ती मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावं लागतं. तेवढं थांबलं तर दांडा वाकतो आणि पुढच्या फेकीला जोर मिळतो. घाई केली तर दोरी गळ्यात. आसूड ओढणारा म्हातारा माणूस बघा, तो कधी घाईत नसतो.

आता पाण्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे आणि ती आपल्या सिद्धेश्वरच्या काठालाही तशीच्या तशी लागू पडते.

पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, म्हणून क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं 180 अंशांचं आकाश त्याच्यासाठी साधारण 97 अंशांच्या शंकूत दाबलेलं असतं. खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा. त्यात तळाचंच प्रतिबिंब दिसतं. मासा 30 सेंटिमीटर खोल असेल तर खिडकीची रुंदी जेमतेम 68 सेंटिमीटर. 2 मीटर खोल असेल तर साडेचार मीटर. खिडकीच्या बाहेर पडलेली फ्लाय त्याला दिसतच नाही, नुसती पाण्याची खळी दिसते.

आपल्या कामाचा भाग खिडकीच्या कडेला आहे. क्षितिजालगतच्या गोष्टी तिथे इतक्या चेपल्या जातात आणि इतक्या अंधुक होतात की पाण्याच्या पातळीपासून 10 अंशांच्या खाली जे आहे ते माशाला जवळजवळ दिसत नाही असं गळवाले धरून चालतात. मग साधं गणित करा. पाच फूट सात इंचाचा, म्हणजे 1.7 मीटरचा माणूस पाण्याच्या कडेला उभा असेल तर तो 10 अंशांच्या खाली जायला मासा साधारण साडेनऊ मीटर लांब हवा. तोच माणूस मीटरभर उंच बांधावर चढला तर पंधरा मीटर. आणि उकिडवा बसला, डोकं 90 सेंटिमीटरवर आलं, तर पाच मीटर. म्हणजे बांधावरून ‘अरे तो बघ मासा’ म्हणून बोट दाखवणारा मित्र आणि काठाला गुडघे टेकून बसलेली पोरं, यात पोरांनाच जास्त मासे का मिळतात ते कळलं ना?

आवाजाचंही तसंच. गप्पा मारल्या तर फारसं बिघडत नाही, हवेतला आवाज पाण्यात फारच कमी शिरतो. पण काठावर धपधप चालणं, दगड गडगडणं हे जमिनीतून थेट पाण्यात जातं, आणि पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने पळतो. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना कंपनं ओळखणारी एक रेघ असते. त्यामुळे बोला खुशाल, पाय मात्र मांजरासारखे टाका.

आपल्याला मासा दिसायला काय लागतं? पोलराइज्ड चष्मा. पाण्यावरून परावर्तित होणारी चकाकी बरीचशी आडव्या दिशेने कंप पावते, आणि या काचा नेमकी तीच अडवतात. पाण्याशी साधारण 37 अंशांच्या कोनात बघितलं तर चकाकी जवळजवळ पूर्ण जाते. चष्मा खरा आहे का हे तपासायचं असेल तर तो घालून लॅपटॉपची स्क्रीन बघा आणि मान हळूहळू आडवी करा. एखाद्या कोनात स्क्रीन काळवंडली तर काच खरी. ऊन पाठीमागे ठेवा, पण आपली सावली माशावर पडू देऊ नका. सावली पडली की खेळ खलास.

आता सिद्धेश्वर. औंढा नागनाथ तालुक्यातलं हे धरण पूर्णेवर आहे. ही पूर्णा गोदावरीला मिळणारी, विदर्भातून तापीला जाणारी वेगळी. वरच्या अंगाला येलदरी, खाली सिद्धेश्वर, दोन्ही 1968ची. येलदरीतून सुटलेलं पाणी सिद्धेश्वरला येतं आणि इथून कालव्यांनी शेताला जातं. इथे समुद्र नाही, भरती-ओहोटी नाही. पण पाण्याची पातळी वर-खाली होतेच. हिवाळ्यापासून पाणी उतरायला लागतं आणि काठाला सपाट, उथळ पट्टे उघडे पडतात. मोनोमॉयला सहा तासांत जे होतं ते इथे सहा महिन्यांत होतं, एवढाच फरक.

एवढाच म्हटलं, पण दोन फरक मोठे आहेत. एक, इथे पांढरी वाळू नाही, काळी माती आहे. पावसाळ्यात पाणी गढूळ. गाळ खाली बसल्यावर, दिवाळीनंतर, जरा नजर पोचते. तरी मासा अख्खा दिसेल ही अपेक्षा सोडा. खुणा वाचायच्या. तळातून बुडबुड्यांची रांग वर येतेय आणि पाण्यात मातीचा ढग फुटतोय, म्हणजे मृगळ किंवा सायप्रिनस तोंड खुपसून चरतोय. उथळात ताटाएवढे गोल खड्डे दिसले तर ती चिलापीची घरटी. वारा नसताना पाण्यावर मधेच थरथर उठली तर खाली झुंड आहे. आणि गवताच्या कडेला ‘गुप्’ असा आवाज येऊन एक वर्तुळ उमटलं तर मरळ. मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, ती हवा घ्यायला वर येतेच.

दुसरा फरक म्हणजे पाण्यात उतरणं. तिकडे वाळूत मैलभर चालतात. इथे उतरत्या पाण्याच्या कडेची काळी माती वरून सुकलेली दिसते आणि आत मांडीपर्यंत घेते. वरून कधी पाणी सुटेल तेही आपल्या हातात नाही. म्हणून काठावरूनच फेकायचं, आणि एकट्याने जायचं नाही.

फेकताना माशावर नाही, माशाच्या पुढे फेका. चालता मासा असेल तर दीड-दोन मीटर पुढे, एका जागी चरणारा असेल तर हातभर पुढे. पाण्यातली वस्तू आहे त्यापेक्षा वर, उथळात दिसते हेही लक्षात असू द्या. सरळ वरून पाहिलं तर चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर भासतो. मग दोरी डाव्या हाताने थोडी-थोडी ओढत फ्लाय ‘पळवायची’. पळणाऱ्या भक्ष्यामागे मासा येतो. त्याच्या अंगावर चाल करून येणारी फ्लाय बघून मात्र तो पळतो, कारण कोणतंही चिंगूळ असं वागत नाही. घेतल्यावर दांडा वर झटकायचा नाही. आपल्या हाताला ती काठी उचलण्याची सवय असते. इथे दांडा पाण्याकडेच ठेवून दोरी हाताने खेचायची. चुकली तरी फ्लाय तिथेच राहते आणि मासा परत फिरू शकतो.

इथपर्यंत सगळं तंत्र झालं. आता जे मला खरं सांगायचं होतं ते.

उथळात आलेला मासा चरायला आलेला असतो किंवा आई-बाप झालेला असतो. मरळीचं नर-मादीचं जोडपं पावसाळ्यात काठच्या गवतात जागा साफ करून अंडी घालतं. पिल्लं लालसर-नारिंगी, शेकड्यांनी, एका गोळ्यासारखी पाण्याच्या वरच्या थरात फिरतात. वरून बघितलं तर पाण्यावर तांबूस डाग सरकतोय असं वाटतं. त्याच्या बरोबर खाली आई-बाप असतात, आणि त्या गोळ्याजवळ जे येईल त्यावर ते तुटून पडतात. भूक असो-नसो. म्हणजे त्या डागावर बेडकाची फ्लाय टाकली की मरळ लागणार, जवळजवळ हमखास. व्हिडिओंमध्ये लोक हे ‘टिप’ म्हणून सांगतात. त्यातलं कौशल्य शून्य आहे. आणि आई-बाप गेले की तासाभरात बाकीचे मासे त्या गोळ्याचा फडशा पाडतात. एक मासा धरला नाही, एक अख्खी पिढी धरली.

पट्टेरी बासच्या बाबतीत अमेरिकेने हे मोठ्या प्रमाणावर करून बघितलंय. 1970च्या दशकात भरमसाट मासेमारी झाली, चेसापीकमध्ये पिल्लांची आवक आटली आणि मासा दिसेनासा झाला. 1984 साली त्यांच्या संसदेला या एका माशासाठी वेगळा कायदा करावा लागला. मेरीलँड राज्याने 1985 ते 1990 त्याची मासेमारीच बंद ठेवली. 1995 साली मासा सावरला असं जाहीर झालं. आणि मग पुन्हा ढिलाई. 2019च्या अहवालात साठा पुन्हा धोक्याच्या रेषेखाली निघाला. 2023 पासून किनाऱ्यावर हौशी गळवाल्याला फक्त 28 ते 31 इंचांमधला मासा घरी नेता येतो. त्याहून लहान सोडायचा, हे आपल्याला समजतं. त्याहून मोठाही सोडायचा! कारण सहा वर्षांची मादी साधारण पाच लाख अंडी घालते आणि पंधरा वर्षांची तीस लाखांच्या आसपास. म्हातारी मादी म्हणजे चालती-फिरती हॅचरी.

आपल्याकडे महाराष्ट्राने 2023 साली समुद्रातल्या 54 जातींना किमान आकार ठरवून दिला, ते चांगलंच झालं. पण कमाल आकाराची कल्पना अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही. रायगडच्या खारेपाटातला जिताडा घ्या. हा मासा साधारणपणे नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. पट्टेरी बासच्या उलट तो गोड्या-मचूळ पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला समुद्राकडे जातो. मोठा जिताडा धरला, फोटो काढला, म्हणजे बहुतेक वेळा मादीच उचलली.

एका श्रोत्याने विचारलं होतं, ‘सोडायचाच तर धरायचा कशाला?’ रास्त प्रश्न आहे, आणि धरून सोडणं म्हणजे पुण्य असंही नाही. पट्टेरी बासच्या हिशेबात सोडलेल्या माशांपैकी 9 टक्के नंतर मरतात असं धरलं जातं. दिवसाला वीस धरून वीस सोडणारा माणूस दोन मारून घरी येतो. आपल्या उन्हाळ्यात तर कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, त्यात माशाला दहा मिनिटं झुंजवलं तर तो पोहत गेला तरी वाचेलच असं नाही. म्हणून माझं मत सरळ आहे. सिद्धेश्वरला चिलापी धरा आणि खुशाल खा. ती बाहेरून आलेली आहे, भरमसाट वाढते, फ्लायवर छान येते आणि नवशिक्याला तिच्याइतका चांगला मास्तर नाही. मरळ धरायची तर हिवाळ्यात, आणि पिल्लांचा डाग दिसला तर दांडा खाली ठेवून नुसतं बघा. सोडायचा असेल तर गळाचा काटा पक्कडीने आधीच दाबून सपाट करा, हात ओले करा, माशाला तापलेल्या मातीवर ठेवू नका.

आणि जायच्या आधी विचारा. आपल्या राज्यात जलाशयातल्या मासेमारीचे हक्क ठेक्याने दिले जातात, बहुतेक करून मच्छीमार सहकारी संस्थांना. बोटुकली सोडायला पैसा त्यांचा लागतो आणि त्या पाण्यावर घरं चालतात. आपण हौसेसाठी जातो, ते पोटासाठी. शिवाय मरळ कुठल्या गवतात आहे हे त्यांच्याइतकं कुठल्याच ॲपला माहीत नाही.

सामानाबद्दल बरेच मेसेज आलेत. दांडा आणि दोरी विकत घ्यावीच लागेल, पण फ्लाय घरी बांधा. गावरान कोंबड्याची मानेची पिसं, शेळीच्या शेपटीचे केस, शिवणाचा दोरा आणि नेलपॉलिश एवढ्यात डिसीव्हरचा गावठी भाऊ तयार होतो. फेकायचा सराव मात्र आधी पाण्यावर नको. मोकळ्या रानात, टोकाला गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून, रोज पंधरा मिनिटं. जनावरं आणि विजेच्या तारा बघून.